एक देव आणि वेगळ्या पंगती : महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचं जीवन आणि लेखन

शहापूर आणि मुरबाडहून इथे आलेल्या श्रोत्यांना नमस्कार, आणि जे हे व्याख्यान घरी बसून ऐकतील किंवा पुढे वाचतील, त्यांनाही. संयोजकांनी आम्हाला विषय दिला तो असा : सुधारणावादी युनिटेरियन धर्मोपदेशक, त्याचं आयुष्य आणि त्याचं लेखन. विषय ऐकून आमचे एक जुने विद्यार्थी म्हणाले, "सर, युनिटेरियन आणि शहापूर? यांचा काय संबंध?" प्रश्न बरोबर आहे. संबंध आहे, पण तो शेवटी सांगू. आधी माणूस समजून घेऊ.

हा माणूस म्हणजे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे. जन्म 23 एप्रिल 1873, जमखंडी. त्या काळी ते एक छोटं संस्थान होतं, आज ते कर्नाटकात आहे. मृत्यू 2 जानेवारी 1944. आता एक खुलासा सुरुवातीलाच करतो. शिंदे हे काही युनिटेरियन चर्चचे पाद्री नव्हते. ते मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक होते, ब्राह्मधर्मी होते. पण त्यांचं धर्मोपदेशक म्हणून जे रीतसर शिक्षण झालं ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात, 1901 ते 1903 या काळात, आणि ते झालं ब्रिटिश अँड फॉरिन युनिटेरियन असोसिएशनच्या शिष्यवृत्तीवर. महाराष्ट्रात युनिटेरियन विचाराचं शिक्षण घेऊन त्यावर आख्खं आयुष्य लावणारा एवढा मोठा माणूस आम्हाला तरी दुसरा दिसत नाही.

युनिटेरियन म्हणजे काय? ख्रिस्ती परंपरेतला हा एक पंथ. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य तो मानत नाही. देव एकच, आणि येशू हा थोर माणूस, थोर गुरू. म्हणजे आपल्या भाषेत एकेश्वरवादी. त्यातून पुढची पायरी अशी येते की सत्य एकाच धर्मग्रंथात कोंडलेलं नाही, आणि प्रत्येक माणसाची बुद्धी आणि विवेक हेही धर्माचे आधार आहेत. इंग्लंडात अशी मंडळी मुख्य प्रवाहाबाहेर होती. 1871 पर्यंत ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये धर्ममताची अट होती, म्हणून या बाहेरच्यांनी आपलं स्वतःचं कॉलेज काढलं होतं. ते 1786 मध्ये मँचेस्टरला निघालं आणि 1889 मध्ये ऑक्सफर्डला आलं. ही गोष्ट लक्षात ठेवा. दाराबाहेर ठेवलेल्यांनी उभारलेल्या कॉलेजात आपला हा विद्यार्थी गेला.

आणि तिथे त्यांना शिकवायला कोण? जोसेफ एस्टलिन कार्पेंटर. पाली भाषेचे पंडित, ऱ्हिस डेव्हिड्स यांच्याबरोबर दीघनिकायाचं संपादन करणारे. या कार्पेंटर घराण्याचं आणि आपलं नातं जुनं आहे. राजा राममोहन रॉय 1833 मध्ये ब्रिस्टलला वारले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ प्रवचन केलं ते लँट कार्पेंटर यांनी. एस्टलिन हे त्यांचे नातू. लँट यांची मुलगी मेरी कार्पेंटर 1866 मध्ये हिंदुस्थानात आल्या, मुलींच्या शिक्षणासाठी इथे फिरल्या. त्या एस्टलिन यांच्या आत्या. पुढल्याच वर्षी, 1867 मध्ये, मुंबईत प्रार्थना समाज निघाला. म्हणजे बघा, शिंदे ऑक्सफर्डला गेले तेव्हा परक्या घरी गेले नाहीत. सत्तर वर्षांचं येणंजाणं होतं.

आता आजच्या व्याख्यानाचा मुद्दा मांडतो. शिंद्यांबद्दल आपल्याकडे दोन प्रकारे बोललं जातं. एक, जयंतीचं बोलणं : थोर, महर्षी, उपेक्षित. दोन, हिशेबाचं बोलणं : ते आंबेडकरांच्या बाजूचे की काँग्रेसच्या, ब्राह्मणेतरांचे की प्रार्थना समाजाचे. दोन्हीत माणूस हरवतो. आम्ही तिसऱ्या वाटेने जाणार आहोत. आमचं म्हणणं असं की शिंद्यांजवळ धर्म तपासण्याची एकच कसोटी होती : देव एक म्हणता, तर तुमची पंगत एक आहे का? याच कसोटीवर त्यांनी स्वतःचा समाज तपासला, हिंदू धर्म तपासला, राजकारण तपासलं. आणि आज आपण त्याच कसोटीवर खुद्द शिंद्यांना तपासू. त्यांचा मान ठेवायचा तर तेच करायला हवं.

प्रार्थना समाजाची मंडळी विद्वान होती. रानडे, भांडारकर, चंदावरकर. रानड्यांनी 'एकेश्वरनिष्ठांची कैफियत' लिहून तत्त्वज्ञानाची बाजू भक्कम केली होती. पण रविवारच्या उपासनेला बसत कोण? शिकलेले, नोकरदार, बहुतेक उच्च जातींचे. 1903 मध्ये ॲमस्टरडॅमला उदारधर्मीयांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे शिंद्यांनी हिंदुस्थानातल्या उदार धर्मावर निबंध वाचला, आणि वर्षअखेरीस परत येऊन मुंबईत प्रचारक झाले. त्यांनी तरुणांचा संघ काढला, टपालाने धर्मविषयक साहित्य पाठवण्याची योजना चालवली. पुढे 1912 मध्ये हिंदुस्थानभरच्या एकेश्वरवादी संस्थांची मार्गदर्शिकाही इंग्रजीत छापली. हे सगळं युनिटेरियन वळणाचं काम. नीटनेटकं, उपयोगी. पण एवढ्यावर ते थांबले असते तर आज आपण इथे जमलो नसतो.

1905 साली अहमदनगरजवळ भिंगारला अस्पृश्य मंडळींची रात्रीची सभा होती. शिंदे तिथे गेले. तिथून त्यांचा निश्चय पक्का झाला, आणि 18 ऑक्टोबर 1906 रोजी, दिवाळीच्या पाडव्याला, मुंबईत परळला डिप्रेस्ड क्लासेस मिशनची शाळा उघडली. मराठीत नाव निराश्रित साहाय्यकारी मंडळी. अध्यक्ष नारायण चंदावरकर, चिटणीस शिंदे. मिशन हा शब्दही पाहा. युनिटेरियन लोक इंग्लंडच्या मोठ्या शहरांतल्या गरीब वस्त्यांत डोमेस्टिक मिशन चालवत. त्यांची पद्धत अशी की उपदेशकाने वस्तीत जायचं, घरोघर फिरायचं, आणि धर्मांतराचा आग्रह न धरता शिक्षण, औषधपाणी, सोबत द्यायची. शिंद्यांनी ही पद्धत उचलली आणि तिच्यात एक गोष्ट आपल्या घरची घातली. त्यांचे वडील वारकरी. त्यामुळे मिशनमध्ये शाळा, वसतिगृह, दवाखाना, शिवण आणि पुस्तकबांधणी यांच्याबरोबर भजनही आलं. त्यांच्या भगिनी जनाबाई या कामात उतरल्या. घरचं माणूस कामात आलं की काम आणि संसार वेगळे राहत नाहीत. मराठा घरातल्या बाईने 1906 साली हे करणं म्हणजे नातेवाइकांत काय ऐकून घ्यावं लागलं असेल, ते आपल्या गावांकडे पाहून आपणच ठरवा.

पहिल्या तपासणीत शिंदे उतरले. आता लेखनाकडे येऊ.

त्यांची पुस्तकं मोजकी. 1933 सालचं 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' आणि 'माझ्या आठवणी व अनुभव' हे आत्मचरित्र ही प्रमुख. शिवाय भागवत धर्मावरचं लेखन, कानडी आणि मराठीच्या संबंधावरचे लेख, प्रवासवृत्तं, रोजनिशी, व्याख्यानं. गो. मा. पवार यांनी शिंद्यांचं मोठं चरित्र लिहिलं आणि 2007 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला, तेव्हा कुठे नव्या वाचकाला हे सगळं एकत्र दिसायला लागलं.

'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' वाचताना कार्पेंटरांचा विद्यार्थी ठिकठिकाणी भेटतो. चांडाल, पुल्कस ही नावं वैदिक साहित्यात कुठे येतात, पाली ग्रंथांत कुठे येतात, याचा शोध ते घेतात. पण ग्रंथालयात बसून थांबत नाहीत. 1927 मध्ये ब्रह्मदेशात जातात आणि तिथल्या बहिष्कृत वर्गांची पाहणी करतात. कारण प्रश्न असा की बौद्ध देशातही असा वर्ग असेल, तर अस्पृश्यता नुसती हिंदू शास्त्रातून निघाली असं म्हणून भागेल का? हा प्रश्न विचारणं हेच त्या पुस्तकाचं बळ. जुनी पोथी आणि चालू वस्ती, दोन्ही ठिकाणी जाऊन बघायचं.

पुस्तकाचा कच्चा भाग कोणता? नावांच्या व्युत्पत्ती. एखाद्या जातीच्या नावाचा धागा पकडून ती जात पूर्वी कोण होती हे सांगण्याचा मोह त्यांना आवरत नाही. शब्द सारखा दिसला म्हणून इतिहास सारखा होत नाही. आम्ही तत्त्वज्ञानाचे, भाषाशास्त्राचे नव्हे, तरीही तिथे अडखळतो. पण त्या मोहामागची ओढ समजून घ्या. आज ज्याला गावाबाहेर ठेवलंय तो एके काळी गावाचा धनी होता, हे त्यांना दाखवायचं होतं. हेतू चांगला, पुरावा मात्र अपुरा. चांगल्या हेतूने पुरावा पुरा होत नाही, हे आम्ही वर्गात चाळीस वर्षं सांगत आलो, तेच इथे सांगावं लागतं.

आत्मचरित्र मात्र वेगळी चीज आहे. जमखंडीचं बालपण, घर, सण, कानडी आणि मराठी दोन्ही बोलणारं गाव. शिंद्यांचं मराठी इथे पुण्याच्या बैठकीतलं राहत नाही. ते खेड्यातलं, हातात काही धरून दाखवणारं होतं. आमचा सल्ला मागाल तर शिंद्यांकडे या पुस्तकाच्या दारातूनच जा. तत्त्वज्ञान नंतर वाचा.

आता अवघड भागाकडे येतो.

शिंद्यांनी अस्पृश्यतेचा प्रश्न राष्ट्रीय सभेच्या दारात नेला. 1917 मध्ये ॲनी बेझंट अध्यक्ष असताना कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये अस्पृश्यतानिवारणाचा ठराव झाला, त्यामागे त्यांची खटपट होती. मार्च 1918 मध्ये मुंबईत अस्पृश्यतानिवारण परिषद भरवली, सयाजीराव गायकवाड अध्यक्ष. टिळक व्यासपीठावर आले, अस्पृश्यतेविरुद्ध बोलले, पण व्यक्तिशः पाळायच्या प्रतिज्ञापत्रावर त्यांनी सही केली नाही. पंगतीची कसोटी इथे किती उपयोगी पडते बघा. भाषण झालं, सही राहिली.

पण मग प्रश्न आला राजकीय हक्कांचा. नव्या कायदेमंडळात अस्पृश्यांचे प्रतिनिधी कोण निवडणार? मिशनची भूमिका अशी की ते कायदेमंडळाच्या सभासदांनी निवडावेत. म्हणजे काय? ज्यांनी शतकानुशतकं बाहेर ठेवलं, त्यांनीच आत कोणाला घ्यायचं ते ठरवायचं. तरुण आंबेडकरांनी याला विरोध केला. मे 1920 अखेरीस नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, तिथे मिशनच्या या भूमिकेवर कडक टीका झाली. आमच्या मते ती टीका योग्य होती.

शिंद्यांवर अन्याय नको, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. त्याच 1920 च्या निवडणुकीत मराठ्यांसाठी राखीव जागा होत्या. शिंदे स्वतः मराठा. सोपी जागा समोर होती. ती त्यांनी घेतली नाही. पुण्यातून सर्वसाधारण जागेवर उभे राहिले आणि पडले. म्हणजे जातीवार विभागणी नको हे त्यांचं म्हणणं दुसऱ्यांपुरतं नव्हतं. किंमत स्वतः मोजली. यात ढोंग नाही.

मग चूक कुठे? आम्हाला वाटतं, चूक त्यांच्या सगळ्यांत मोठ्या गुणातच आहे. सगळे एक, ही त्यांची श्रद्धा. देव एक, माणूस एक, राष्ट्र एक. पण ऐक्य ही सुरुवात आहे की शेवट? ज्याला पंगतीतून उठवलं होतं त्याला आज म्हणायचं, "ये, आता आपण सगळे एक आहोत, वेगळं ताट मागू नकोस." तो म्हणेल, "आधी वाढणं कोणाच्या हातात आहे ते सांगा." हा प्रश्न फुटीरपणाचा नाही, न्यायाचा आहे. सोपी जागा सोडणं मराठ्याला परवडतं. पडला तरी गावात त्याची विहीर त्याचीच राहते. अस्पृश्याजवळ सोडायला काय होतं? एकच नियम दोघांना लावला म्हणून तो दोघांना सारखा पडत नाही. इथे एकेश्वरवादी तत्त्वज्ञानाची मर्यादा दिसते. ते समता सांगतं, पण आधी झालेल्या विषमतेची भरपाई कशी करायची ते सांगत नाही.

आणि मंडळी, आणखी एक. मिशन काढायच्या आधीपासून अस्पृश्य समाज स्वतः बोलत होता. गोपाळबाबा वलंगकरांचं 'विटाळ विध्वंसन' 1888 चं. शिवराम जानबा कांबळ्यांनी 1903 मध्ये सासवडला महारांची परिषद भरवली. भिंगारची ती रात्रीची सभासुद्धा अस्पृश्य मंडळींचीच. शिंदे पाहुणे होते. म्हणजे मिशनचं बी पडलं ते त्यांच्या सभेत, आणि झाड उगवल्यावर अध्यक्ष चंदावरकर, चिटणीस शिंदे. ही गोष्ट शिंद्यांना कळली नाही असं नाही. 1923 मध्ये ते मिशनमधून बाजूला झाले. पण तोवर लोक पुढे गेले होते, आणि ज्यांच्यासाठी घरदार लावलं त्यांच्याच नव्या पिढीशी नातं ताणलेलं राहिलं. उच्चवर्णीयांनी त्यांना जवळ केलं नाही, मराठा पुढाऱ्यांना ते आपले वाटले नाहीत, आणि अस्पृश्यांचं नेतृत्व आता अस्पृश्यांकडे होतं, जसं असायलाच हवं. 1930 मध्ये सत्याग्रहात उतरून येरवड्याला सहा महिने राहून आले. त्यानंतरचं आयुष्य बरंच एकाकी.

आता शहापूर-मुरबाडशी संबंध सांगतो म्हटलं होतं.

बरीच वर्षं झाली. आम्ही मुलांचं शिबिर घेऊन इथल्याच एका कातकरी वाडीवर गेलो होतो. वीटभट्टीवरून लोक नुकतेच परतले होते. आम्ही ब्लँकेटं वाटली, वह्या वाटल्या, स्वच्छतेवर भाषण केलं. शिंद्यांचं नावही घेतलं त्या भाषणात! दुपारी आम्ही बरोबर आणलेले डबे उघडले आणि एका झाडाखाली जेवलो. निघताना एका म्हातारीने विचारलं, "भाकरी केल्या होत्या तुमच्यासाठी, खाल्ल्या नाहीत?" कोणी अस्पृश्यता पाळली नव्हती हो. कोणाच्या मनात तसं नव्हतं. आम्हाला फक्त सुचलंच नाही की तिच्या घरीही आपल्याला वाढलं जाऊ शकतं. देणारे आम्ही, घेणारे ते, हे आमच्या डोक्यात इतकं पक्कं होतं.

शिंद्यांच्या मिशनवर आम्ही आत्ता जी टीका केली ती आम्हाला पुस्तकातून सुचली नाही. ती त्या भाकरीवरून सुचली. म्हणून ती टीका करताना आमचा आवाज फार चढत नाही. शिंदे निदान वस्तीत राहायला गेले होते. आम्ही संध्याकाळच्या गाडीने घरी आलो.

आपल्या तालुक्याकडे याच नजरेने बघा. 1892 पासून तानसाचं पाणी मुंबईला जातंय. पुढे वैतरणा झालं, भातसा झालं. मुंबईच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातसाचा. आणि एप्रिल-मे आला की याच शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते. आम्ही याला अस्पृश्यता म्हणणार नाही, तो शब्द ज्यांनी भोगला त्यांचा आहे, तो कुठेही चिकटवू नये. पण प्रश्न मात्र तोच आहे. वाढणं कोणाच्या हातात आहे? धरण कोणासाठी हे ठरवताना पाड्यावरचं कोण त्या बैठकीत होतं?

शिंद्यांचं लेखन आज वाचायचं ते उत्तरांसाठी नव्हे. त्यांची राजकीय उत्तरं काही ठिकाणी चुकली, तशी ती चुकली म्हणायला आपण कचरू नये. त्यांच्याकडून घ्यायची ती सवय. सभेत शिरल्यावर आधी बघायचं, इथे कोण नाही? प्रार्थना समाजात बसून त्यांनी हे पाहिलं आणि ते परळला गेले. आम्ही त्यात आमची एक पुस्ती जोडतो : जो नाही त्याला बोलावण्याआधी, तो कुठे सभा घेतोय का ते बघा, आणि तिथे जाऊन मागे बसा. भिंगारला शिंदे हेच करून आले होते. पुढे संस्थेच्या धबडग्यात ते निसटलं, एवढंच.

वेळ झाली आहे. एक चिठ्ठी आली आहे ती घेतो. विचारलंय, "शिंद्यांना देव मानावाच लागत होता का? देवाशिवाय हेच काम झालं नसतं का?"

चांगला प्रश्न. झालं असतं, दुसऱ्यांनी केलंही. पण शिंद्यांच्या बाबतीत नाही. त्यांच्यासाठी उपासना म्हणजे दिवसातून एकदा स्वतःला विचारणं की आज मी कोणाला वेगळं बसवलं. हा प्रश्न विचारायला कोणाला देव लागतो, कोणाला लागत नाही. प्रश्न विचारला जातोय ना, एवढं आम्ही बघतो. आता बाहेर चहा आहे. सगळ्यांनी एकत्रच घेऊ.